खालचा आवाज

जीवरामनानांनी तारा दुसऱ्यांदा मोजल्या. पहिल्यांदा मोजल्या तेव्हाही चारच भरल्या होत्या.

“चारच?” त्यांनी विचारलं.

“चारच असतात, नाना,” लोटन म्हणाला.

नानांनी समोर वेताच्या खुर्चीत बसलेल्या मिस्टर रेबेलोंकडे पाहिलं, मग पुन्हा गिटारकडे. जळगावच्या दुकानात सकाळीच त्यांनी सहा तारांची लाल गिटार पाहिली होती. ती चकचकीत होती आणि स्वस्त होती. “दोन तारा कमी अन् पैसा जास्ती,” ते म्हणाले. “हाऊ कोठला हिशोब शे, भाऊ?”

भुसावळच्या रेल्वे कॉलनीमागे रेबेलोंचं कौलारू घर होतं. नोकरीभर मालगाडीचे गार्ड असल्यामुळे त्यांना वाट पाहायची सवय होती. गिऱ्हाईक तारा मोजत असताना त्यांनी शांतपणे पाइप साफ केला. तरुणपणी दर शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाला ते हीच गिटार वाजवायचे. आता नाचणारे बरेचसे ऑस्ट्रेलियाला गेले होते, उरलेले दफनभूमीत होते, आणि गिटार कॉटखाली होती.

नानांना गिटार हवी होती ती बँडसाठी. ‘जीवराम अँड पार्टी, धुळे’ हा त्या काळी अब्रूदार बँड होता. नाना स्वतः क्लॅरिनेट वाजवत, पांढरा सूट घालत आणि मुहूर्त टळू देत नसत. पण त्या वर्षी जळगावच्या एका पार्टीने गळ्यात गिटार अडकवलेला एक तरुण वरातीच्या पुढे उभा केला, आणि खानदेशातले तमाम वरबाप नानांना विचारू लागले की तुमच्याकडे गिटार आहे का. गिटार काय वाजवते हे कोणी विचारत नव्हतं. आहे का, एवढंच विचारत होते. तेव्हा एखादी शाळा जशी पृथ्वीचा गोल घेते, तशी नानांनी गिटार घ्यायचं ठरवलं.

वाजवायला लोटन होता. दिवसा तो नगरपालिकेच्या पारोळा रोडवरच्या जकात नाक्यावर कारकून, आणि मुहूर्त असेल तेव्हा नानांच्या बँडात खुळखुळ्यावर. बँडात खुळखुळ्याच्या खाली फक्त डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारे असतात, आणि तेही खुळखुळेवाल्याला थोडं दबकूनच विचारतात की तुमचं हे वाजवायला शिकावं लागतं का. लोटनला शिकावं लागलं नव्हतं. पण त्याला एक खोड होती. एसटी स्टँडजवळच्या चहावाल्याने मोठ्या स्पीकरांचा टेप आणल्यापासून तो तिथे चहा थंड होईपर्यंत बसायचा. बाकीचे गाणं ऐकत. लोटन गाण्याच्या खाली काय चाललंय ते ऐके. गाण्याच्या खाली कोणीतरी जाड आवाजात, घाई न करता, पुढे पुढे चालत असे. त्याच्यावाचून गाणं तरंगलं असतं, असं लोटनला वाटे. त्या आवाजाचं नाव बेस गिटार आहे, हे त्याला टेपच्या कव्हरवरून कळलं.

जळगावच्या दुकानात चार तारांची एक होती. कलकत्त्याची बनावट, पापडासारखी हलकी. लोटनने तिचा दांडा डोळ्यासमोर धरून, खाटेचा माचा वाकलाय का पाहतात तसा पाहिला. दांडा धनुष्यासारखा निघाला. दुकानदार म्हणाला, वापरात सरळ होईल. तेव्हा दोघे भुसावळच्या पॅसेंजरमध्ये बसले.

रेबेलोंची गिटार चहाच्या डागाच्या रंगाची होती. हात टेकून टेकून एका जागचं पॉलिश गेलं होतं. लोटनने पट्टा खांद्यावर घेतला आणि खांदा खाली आला. नानांनी ती त्याच्याकडून घेतली, वरखाली करून पाहिली, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला.

“वजन शे,” ते म्हणाले.

वस्तू जड असली की नानांचा तिच्यावर विश्वास बसे. सौदा तिथेच झाला होता. पण रेबेलोंना तो आवाजावर व्हावा असं वाटत होतं. त्यांनी गिटार मांडीवर घेऊन एक तार छेडली. काहीच ऐकू आलं नाही, माशी काचेवर बसावी तेवढंच. मग ते उठले आणि दांड्याचं टोक त्यांनी सागवानी दाराला टेकवलं. पुन्हा तीच तार छेडली. दार बोललं. अख्खं दार, कडीसकट. नाना एक पाऊल मागे सरले.

“ये भोंगे से नहीं जायेगा,” रेबेलो म्हणाले. “भोंगा आदमी का मुँह है. इसको पेट चाहिए. पहले बड़ा स्पीकर, लकड़ी का खोका. गिटार बाद में.”

माल विकायला बसलेला माणूस दुसराच माल आधी घ्या म्हणतो, यात नानांना काहीतरी काळंबेरं दिसलं. “आमना भोंगा तीन गावले ऐकू येस, साहेब,” ते म्हणाले. “सोनगीरना लगनमा वाजाडा ते किल्लावरन्या बकऱ्या खाल उतरन्यात.”

रेबेलोंनी बकऱ्यांबद्दल काही मत दिलं नाही. लोटनला मात्र त्यांनी आठवडाभर रोज संध्याकाळी शिकवलं. लोटनने त्यासाठी रजा काढली. बोटं कशी चालवायची, कुठे थांबायचं, आणि मुख्य म्हणजे क्लॅरिनेट हुशारी करायला लागलं की आपण काय करायचं. काहीच करायचं नाही, असं रेबेलोंचं म्हणणं होतं. चलते रहो.

धुळ्यात शिरताना लोटनच्याच नाक्यावर जकातीचा प्रश्न आला. ड्यूटीवर त्याचा सहकारी ठाकऱ्या होता. ठाकऱ्या नियमाचा माणूस. त्याने तार छेडली, कान लावला, आणि सांगितलं की आवाज येत नाही म्हणजे हे वाद्य नाही. लाकूड आहे. लोटनने बेस गिटारीवर इमारती लाकडाची जकात भरली आणि पावती घडी घालून खिशात ठेवली. तेव्हा त्याला हसू आलं. पुढे सहा महिने आलं नाही.

घरी त्याने रेबेलोंची युक्ती केली. त्याच्या दोन खोल्यांत सागवानी म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे बायकोचं कपाट. बेबाबाई शिंदखेड्याची. लग्नात तिच्या काकाने ते कपाट आंदण दिलं होतं आणि त्यानंतर ते दिल्याचं गावभर इतकी वर्षं सांगितलं होतं, की बेबाबाईला कपाटाकडे पाहिलं की काका दिसे. कपाटाच्या दाराला उभा आरसा होता. तेवढाच तिला आवडायचा.

लोटन दांड्याचं टोक कपाटाला टेकवून वाजवायचा. कपाट घुमायचं, आतल्या बांगड्या किणकिणायच्या आणि आरसा थरथरायचा. बेबाबाई नेमकी त्याच वेळी आरशापुढे असायची.

“थांबा जराखा,” ती म्हणायची. “भांग वाकडा व्हस.”

तो थांबायचा. ती भांग पाडून स्वयंपाकाला जायची. पुन्हा वाजवा, असं ती कधी म्हणाली नाही. एकदा त्याने तिला विचारलं, कसं वाटतं. तिने विचार करून खरं ते सांगितलं. “कपाट वाजस. तुम्ही कोठे वाजतस?”

लगीनसराई सुरू झाली आणि पहिल्याच वरातीत रेबेलोंचं म्हणणं खरं ठरलं. बँडच्या हातगाड्यावर लीलाधरची आवाज वाढवायची मशीन असे. लीलाधर रेडिओ दुरुस्तीवाला. मशीन, बॅटरी, जनरेटर आणि चार भोंगे हे त्याचं खातं. त्याने गिटारची वायर मशीनला जोडली. नानांचं क्लॅरिनेट भोंग्यातून तलवारीसारखं निघालं. लोटनने पहिली तार छेडली. भोंग्यातून काहीच निघालं नाही. त्याने जोरात छेडली. भोंग्याने घसा खाकरल्यासारखं केलं आणि पुन्हा क्लॅरिनेट सुरू केलं.

लीलाधरने वायर बदलली, पिन बदलली, भोंगा बदलला. शेवटी त्याने सांगितलं की वायरीत दोष नाही, भोंग्यालाच हा आवाज झेपत नाही. नाना म्हणाले, असू दे, दिसते छान.

ती खरंच छान दिसत होती. लोटनला सर्वात पुढे उभं केलं, निळा कोट दिला. तो सगळी सराई सर्वात पुढे उभा राहून, घामाघूम होत, एकही सूर न चुकवता वाजवत राहिला, आणि त्यातला एकही कोणाला ऐकू आला नाही. त्याच्या स्वतःच्या पोटाला गिटारचं लाकूड लागे, तेवढंच त्याला कळे. काही वरबापांनी त्याला बक्षिसी दिली. ती गिटार धरण्याची होती.

शिंदखेड्याला बेबाबाईच्या चुलतभावाचं लग्न लागलं तेव्हा ते कपाटवाले काका, वरात मांडवात शिरल्यावर, गिटारच्या अगदी पुढ्यात येऊन उभे राहिले. त्यांनी कानाला हात लावला, वाकले, गिटारच्या मागे काही आहे का पाहिलं, आणि सगळ्या सोयऱ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “जावईबापू, वाजाडतस का खाजाडतस?”

मांडव हसला. आचारीसुद्धा हसले. बेबाबाई बायकांत बसली होती. ती हसली नाही आणि उठलीही नाही. लोटन वाजवत राहिला, कारण क्लॅरिनेट चालू होतं.

जेठ संपता संपता नानांनी लोटनला घरी बोलावलं, चहा पाजला, आणि गिऱ्हाईकांचं काय चाललंय ते सांगितलं. गिटारचं नवल संपलं होतं. आता लोक कॅसिओ मागत होते. जळगावचा एक कॅसिओवाला यायला तयार होता. त्याच्या एका पेटीत गिटारही होती, बासरीही होती आणि पक्षीही होते.

“तू मना जुना माणूस,” नाना म्हणाले. “पन लोक पैसा काननाच देतस ना, भाऊ. श्रावणमा कानबाई मायनी मिरवनूक शे, त्या सोमवारले तो यी ऱ्हायना. तोवर ऐकू उनं ते ठीक. नही ते तुना खुळखुळा शेच.”

ते हे प्रेमानेच बोलले. त्यांनी खुळखुळा पुसून, नवा रंग देऊन ठेवला होता. लोटनला तो दिसला आणि चहाची चव गेली.

घरी आल्यावर त्याने बेबाबाईला सांगितलं. खुळखुळ्याचं त्याला एवढं नव्हतं, इतकी वर्षं हलवला होता. पण आपण काहीतरी वाजवलं आणि ते झालंच नाही, असं आयुष्यभर राहणार, हे त्याला सोसत नव्हतं. बेबाबाई मेथी निवडत होती.

“त्या भुसावळना बाबानं काय सांगं व्हतं?” तिने विचारलं.

“खोका पाहिजे म्हणे. लाकडी. मोठा.”

तिने मान वळवून कपाटाकडे पाहिलं. “मंग हाईच ली जा ना. आते बी तेच वाजस.” मग म्हणाली, “दरवाजा ऱ्हाऊ द्या मातर. आरसा शे त्याले.”

काका काय म्हणेल, असं लोटन म्हणाला. काकाला ऐकू येईल असंच करा, असं ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या उचलून बाहेर गेली.

लीलाधरला हे काम फार आवडलं. भोंगा हा त्याच्या लेखी शेजाऱ्याला सतावण्यापुरता ठीक होता. सावद्याला एक टुरिंग टॉकीज बंद पडलं होतं आणि तिथला पडद्यामागचा स्पीकर मालकाने कोंबड्या झाकायला ठेवला होता. दोघे जाऊन तो केळीच्या ट्रकमधून घेऊन आले. परातीएवढा स्पीकर. त्याचा कागद फाटला होता. बेबाबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा डिंकाने लावून तो सांधला. कपाटाचे कप्पे काढले, दाराच्या जागी जाड फळी ठोकली, फळीला गोल भोक पाडून स्पीकर बसवला. लीलाधरचा एकच हट्ट होता: खोका घट्ट बंद पाहिजे, हवा निघाली की आवाज गेला. फटी मेणाने बुजवल्या, आणि आतला घुमारा मारायला कापूस भरला. धुळ्यात माणूस बाकी कशाला महाग असेल, कापसाला नाही.

बेबाबाईने काढलेलं दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि त्यात पाहून भांग पाडला. तिच्या मागे कपाटाच्या जागी भिंतीवर तेवढा पांढरा चौकोन दिसत होता.

श्रावणातला तो सोमवार उजाडला. चौथ्या गल्लीतल्या तानुबाईंची कानबाई जुनी आणि मानाची. भाऊबंद कुठेही असोत, रविवारी रोट खायला घरी येतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी देवी पांझरा नदीवर विसर्जनाला निघते. देवी म्हणजे नारळ. पण त्याला डोळे, दागिने, नथ असा साज चढला की तो नारळ राहत नाही. पाटावर ठेवून बायका पाळीपाळीने डोक्यावर घेतात. बँड तानुबाईंच्या सासूच्या काळापासून नानांच्याच घरचा. तानुबाईंना बँडातलं काही कळत नाही असं नाना म्हणत, म्हणून ते त्यांना घाबरत.

कॅसिओवाला वेळेवर आला होता. सभ्य तरुण होता, इस्त्रीची पँट होती. नानांनी ठरवलं की गल्लीपासून आग्रा रोडपर्यंत लोटनला वाजवू द्यावं आणि तिथून पुढे कॅसिओ लावावा. जुन्या माणसाला तेवढा मान द्यावा.

गाड्यावर पुढे भोंगे आणि जनरेटर, म्हणून कपाट मागे तोंड करून ठेवावं लागलं. गाड्याच्या मागे बायका, आणि बायकांच्या पुढे कानबाई. म्हणजे कपाट आणि कानबाई समोरासमोर आले. हे कोणी ठरवलं नव्हतं. बेबाबाई त्या गल्लीची कोणी लागत नव्हती, पण कानबाईला कोणीही चालतं. ती पदर खोचून बायकांत उभी राहिली, आपल्या कपाटाकडे अनोळखी माणसासारखं पाहत.

नानांनी क्लॅरिनेट उचललं. लोटनने पहिली तार छेडली.

आवाज आला असं कोणी म्हणालं नसतं. दोन म्हाताऱ्या बाजूला सरकल्या, मागून ट्रक येतोय म्हणून. चहावाल्याने ओळीने मांडलेले ग्लास एकमेकांना लागले. एका ओट्यावरचं कुत्रं उठलं, त्याने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि पुन्हा बसलं. मग तो आवाज पुढे चालू लागला, घाई न करता, आणि क्लॅरिनेट त्याच्या पाठीवर बसून निघालं. नानांनी वाजवता वाजवता खाली पाहिलं, आपले पाय नेहमीपेक्षा बरे का पडताहेत म्हणून. फुगड्या घालणाऱ्या बायका आधी वेगवेगळ्या फिरत होत्या, त्या एकदम फिरू लागल्या.

लोटन हे काही पाहत नव्हता. तो गाड्याच्या मागे, कपाटाला खेटून उलट्या पावलांनी चालत होता, कारण वायर आखूड होती, आणि त्याचं तोंड बायकांकडे होतं. तेव्हा त्याने ते पाहिलं.

कानबाईची नथ हलत होती.

वाऱ्याने हलावी तशी नाही. वारा नव्हताच. तो एक सूर सोडे आणि नथीचे मोती थरथरत. पुढचा सोडे, पुन्हा थरथरत. पाट ज्या बाईच्या डोक्यावर होता तिला ते दिसत नव्हतं. तानुबाईंना दिसलं. त्यांनी शेजारणीला दाखवलं, तिने मागे सांगितलं, आणि आग्रा रोड येईपर्यंत सगळ्या मिरवणुकीला कळलं की माय बोलतेय. लोकांनी हात जोडले. लीलाधर लोटनच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, की ही नथ हलकी आहे आणि तुझी ती जाड तार बरोबर तिच्या मापाची आहे. लोटन म्हणाला, कोणाला सांगू नको.

आग्रा रोडच्या चौकात नानांनी ठरल्याप्रमाणे हात वर केला. गडबडीत त्यांना मागचं काही कळलं नव्हतं. लीलाधरने नाइलाजाने कपाटाची वायर काढली, कॅसिओची भोंग्याला जोडली. तरुणाने तेच गाणं उचललं. चांगलं वाजवलं त्याने. गिटार आली, बासरी आली, दोन पक्षीही आले.

“थांबा,” तानुबाई म्हणाल्या.

मिरवणूक थांबली. भर आग्रा रोडवर, दोन्ही बाजूंना एसट्या अडवून. नाना घाम पुसत मागे आले आणि त्यांनी विचारलं काय झालं.

“माय थांबनी,” तानुबाई म्हणाल्या. “नथ दख.”

नथ सरळ लोंबत होती. नानांनी हात जोडून समजावलं की गाणं तेच आहे, तालही तोच आहे, फक्त यंत्र नवीन आहे.

“गानं तेच शे, ते माले बी समजस. मी काय बहिरी नही. पन जे चालू व्हतं ते बंद व्हयनं.”

“काय चालू व्हतं, अक्का?” नानांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

तानुबाईंनी आजूबाजूच्या बायकांकडे पाहिलं. शेवटी तानुबाईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. “आठे वाजी ऱ्हायनं व्हतं,” त्या म्हणाल्या. “ते.”

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. एकीने छातीवर हात ठेवून सांगितलं की तिला इथे वाजत होतं. एका म्हातारबुवांना टाचेत वाजत होतं. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, काच हालत होती राव, मला वाटलं इंजिनचं काम निघालं. आणि मग सगळेजण, ज्याला जिथे वाजलं होतं तिथे हात ठेवून, लोटनकडे पाहू लागले.

लोटन वायर सुटलेली गिटार गळ्यात घेऊन उभा होता. सहा महिने तो याच्यासाठी थांबला होता आणि आता काय करायचं असतं ते त्याला आठवेना. क्लॅरिनेट बंद होतं. लीलाधरने कोणाला न विचारता वायर पुन्हा कपाटाला जोडली. लोटनने बेबाबाईकडे पाहिलं. तिने पदर पुन्हा खोचला, जशी कामाला लागताना खोचते.

त्याने जाड तार छेडली. नथ हलली.

पुढे पांझरेपर्यंत त्याला कोणी थांबू दिलं नाही. नानांनी क्लॅरिनेट वाजवलं, पण अदबीने, विचारून विचारून. कॅसिओवाल्या तरुणाचे हात रिकामे होते. बँडात रिकामे हात चालत नाहीत, म्हणून त्याला नव्या रंगाचा खुळखुळा दिला. त्याने तोही मन लावून वाजवला. नदीवर आरती झाल्यावर तानुबाईंनी उरलेलं हळदीकुंकू कपाटाला लावलं, मग गिटारला, मग थोडा विचार करून लोटनला. “तू वाजाडत ऱ्हाय, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मायले गोड लागस.”

बेबाबाई त्या वेळी कपाटाच्या मागच्या बाजूला होती. तिने फळीवर तळहात ठेवला, माठातलं पाणी गार आहे का पाहावं तसा, आणि काढला.

जीवरामनानांनी दिवाळीच्या आत पाटी रंगवून घेतली: ‘जीवराम अँड पार्टी, धुळे. सोबत कपाट.’ लोक बुकिंगला येत आणि आधी विचारत की कपाट येणार ना. शिंदखेड्याच्या काकांनी नातवाच्या लग्नाला हाच बँड ठरवला आणि वरातीत सगळ्यांना सांगत फिरले की ते कपाट मूळचं त्यांचं. लोटनने कपाट वळवून त्याचं तोंड त्यांच्याकडे केलं. काका बोलत राहिले. पण बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही. ठाकऱ्याने एका परतीच्या फेरीत नाक्याच्या खिडकीची काच हलताना पाहिली, बाहेर आला, आणि गिटारकडे पाहून म्हणाला की वाद्य आहे. याहून मोठं प्रमाणपत्र नगरपालिका देत नाही.

कॅसिओवाला बँडातच राहिला. खुळखुळ्याला दुसरा माणूस ठेवला.

मध्ये एकदा लोटन भुसावळला जाऊन आला. रेबेलो वेताच्या खुर्चीतच होते. त्यांनी पाइप बाजूला ठेवून विचारलं, “लोगों ने सुना?”

“पहिले देवीनं ऐकलं,” लोटन म्हणाला. “मग लोकांनी.”

रेबेलोंनी पाइप पुन्हा उचलला. “ठीक है,” ते म्हणाले. “हमारे यहाँ सिर्फ़ फादर सुनते थे. बंद करो बोलने को आते थे.” आणि उठून त्यांनी ते सागवानी दार उगाच एकदा उघडून बंद केलं.

मुहूर्त नसेल तेव्हा कपाट लोटनच्या घरी, आपल्या जुन्या जागेवर, त्या पांढऱ्या चौकोनासमोर असतं. आरशाचं दार शेजारी भिंतीला टेकवलेलं असतं. नाक्यावरून आल्यावर लोटन हात-पाय धुतो, लीलाधरने तिथेच ठेवलेली मशीन अगदी बारीक लावतो आणि वाजवायला बसतो. आरसा थरथरतो. आरशात बेबाबाईचा चेहरा थरथरतो, कपाळ, कुंकू, हातातला कंगवा.

“थांबा जराखा,” ती म्हणते. “भांग वाकडा व्हस.”

तो तारांवर तळवा ठेवतो. आरसा स्थिर होतो. ती कंगव्याचं टोक कपाळापासून सरळ मागे नेते, दोन्ही बाजू बसवते, मान तिरकी करून एकदा पाहून घेते.

“हां,” ती म्हणते. “वाजाडा आते.”